वर, अट आणि भार : शक्तिदात्या भुतांच्या रचनेविषयी

१

भूत, पिशाच, यक्ष, वेताळ या योनींचा विचार मराठीच्या अभ्यासात बहुधा दोन ठिकाणी होतो : लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेत आणि अद्भुत कादंबरीच्या इतिहासात. पहिल्या ठिकाणी त्या लोकश्रद्धेचा पुरावा म्हणून येतात, दुसऱ्या ठिकाणी वास्तववादापूर्वीच्या बाल्यावस्थेची खूण म्हणून. एखादे भूत रचले कसे जाते, त्याने द्यावयाची शक्ती आणि त्या शक्तीची किंमत यांचा मेळ कसा घातला जातो, हा रचनेचा प्रश्न मात्र दोन्ही ठिकाणी मागे पडतो. हा प्रश्न आज एका अनपेक्षित दिशेने पुढे आला आहे. ती दिशा म्हणजे भूमिकाखेळ.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण कथा सांगतो, बाकीचे प्रत्येकी एका कल्पित पात्राच्या वतीने बोलतात व कृती ठरवतात, आणि कृती सफल झाली की फसली याचा निर्णय फासे देतात. छापील नियमग्रंथ असले, तरी खेळणारे स्वतःच्या देवता, राक्षस आणि भुते रचून खेळात आणतात. अशा घरगुती रचनेला ‘होमब्रू’ म्हणतात. या रचनांत एक प्रकार विशेष विचार करण्याजोगा आहे : पात्राशी करार करून त्याला शक्ती देणारी भुते. महाराष्ट्रातील शहरांतूनही तरुणांचे गट असे खेळ खेळताना दिसतात, तेव्हा मराठीच्या अध्यापकाने या रचनेकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहणे पुरेसे नाही. अशी रचना ही कथनाची एक कृती आहे, आणि तिला परंपरा आहे.

२

ही परंपरा छत्रपती संभाजीनगरपासून (औरंगाबादपासून) फार दूर नाही. सोमदेवाच्या कथासरित्सागरात वेताळाला खांद्यावर वाहणारा राजा त्रिविक्रमसेन हा गोदातीरीच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आजच्या पैठणचा. क्षांतिशील नावाचा भिक्षू त्याला स्मशानातून एक प्रेत आणावयास सांगतो. प्रेतात वेताळ शिरलेला असतो. वाटेत तो कथा सांगतो, शेवटी प्रश्न विचारतो आणि बजावतो : उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला, तर त्याचे मस्तक फुटेल. परंतु राजा बोलला, की मौन मोडते आणि वेताळ प्रेतासह पुन्हा झाडावर जातो. गप्प बसणे प्राणघातक आणि बोलणे निष्फळ, अशा दुहेरी पेचात राजा तेवीस वेळा सापडतो, आणि या पेचातूनच कथामाला उभी राहते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर राजाला खरोखरच सुचत नाही. तो मुकाट चालत राहतो. त्या वेळी वेताळ प्रसन्न होतो, भिक्षूचे कपट उघड करतो आणि त्यावरील उपायही सांगतो.

रचनेच्या दृष्टीने या कथेतील वेताळाचा वर दुय्यम आहे. कथासरित्सागरात वर देणाऱ्यांची वाण नाही. हा वेताळ स्मरणात राहतो तो त्याने घातलेल्या अटीमुळे. अट काढून टाकली, तर उरतो तो राजाला सल्ला देणारा एक मायावी सेवक. छापील मराठी गद्याच्या आरंभकाळातच वेताळपंचविशी मराठीत अवतरली आणि पुढे घरोघर पोहोचली. तिच्या या लोकप्रियतेचे श्रेय भयापेक्षा या अटीला अधिक द्यावे लागेल.

याच ग्रंथातील गुणाढ्याची कथाही प्रतिष्ठानचीच. सातवाहन राजाला संस्कृत शिकवण्यास सहा वर्षे लागतील, असे गुणाढ्य म्हणतो. शर्ववर्मा सहा महिन्यांची पैज मारतो. शर्ववर्मा जिंकल्यास गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषांचा त्याग करावा, असे ठरते. शर्ववर्मा कार्तिकेयाची आराधना करतो. देव प्रसन्न होऊन व्याकरणाचे पहिले सूत्र उच्चारतो. उतावळा शर्ववर्मा पुढचे सूत्र स्वतःच म्हणून टाकतो. देव सांगतो : तू मध्ये बोलला नसतास, तर हे व्याकरण पाणिनीयालाही मागे टाकते, आता ते लहानसे ‘कातंत्र’ होईल. वर मिळाला, पण उतावळेपणाने तो आखूड झाला. दुसरीकडे पैज हरलेला गुणाढ्य भाषाहीन होऊन विंध्याटवीत जातो, पिशाचांची भाषा शिकतो आणि काणभूती नावाच्या पिशाचाकडून बृहत्कथा मिळवतो. काणभूतीला ही कथा फुकट देता येत नाही आणि जवळ ठेवताही येत नाही. ती गुणाढ्याला सांगितल्यावरच त्याचा शाप सुटणार असतो. देणाऱ्यालाही देण्याची गरज आहे, ही येथील खरी कल्पकता होय.

३

या कसोटीवर भूमिकाखेळांतील रचना तपासल्या, तर दोन टोके दिसतात. १९८० साली आलेल्या ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’ या नियमग्रंथात अन्य संस्कृतींबरोबर भारतीय देवतांचाही समावेश होता. प्रत्येक देवतेपुढे तिचे चिलखत किती भक्कम आणि तिला किती घाव सोसवतात, याचे आकडे दिलेले होते. देवतेचे स्थान, तिची ओढ, तिच्याशी बांधलेली माणसे यांना त्या आकड्यांत जागा नव्हती. याउलट २००६ मधील ‘टोम ऑफ मॅजिक’ या ग्रंथातील ‘बाइंडर’ हे पात्र विस्मृत आत्म्यांशी करार करते. त्यांतील अनेक आत्म्यांची नावे सतराव्या शतकातील युरोपीय मंत्रग्रंथावरून घेतलेली आहेत. बाइंडर जमिनीवर विशिष्ट मुद्रा काढून आत्म्याला बोलावतो. फाशाचे दान अनुकूल असो वा प्रतिकूल, शक्ती एका दिवसापुरती मिळतेच. मात्र दान प्रतिकूल पडले, तर त्या आत्म्याची खूण शरीरावर उमटते आणि त्याचा स्वभाव पात्राच्या स्वभावावर स्वार होतो. येथे प्रश्न शक्ती मिळेल की नाही हा राहत नाही. ती मिळाल्यावर माणूस स्वतःचा किती उरेल हा होतो. अंगात येण्याच्या अनुभवाशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला ही रचना परकी वाटणार नाही.

मराठी लोकदैवतांकडे पाहिले, की या रचनेत आणखी काय हवे ते कळते. सिंधुदुर्गातील आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, कारण तो रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरतो अशी श्रद्धा आहे. दैवताचे काम, त्याची गरज आणि त्याचे अर्पण एकाच सूत्रात बांधलेले आहे. साती आसरा पाण्याच्या, म्हसोबा शेताच्या बांधाचा, मुंजा पिंपळाचा. यांतील एकालाही त्याच्या जागेवरून उपटून अन्यत्र लावता येत नाही. परकीय नमुन्यावर बेतलेल्या घरगुती रचनांत नेमका हा स्थानाचा आग्रह हरवतो. नाव मराठी राहते, पण भूत कोठलेच नसते.

४

येथवरचे विवेचन रचनेच्या कौशल्यापुरते झाले. परंतु लोकदैवतांचे व्याकरण उचलू पाहणाऱ्याने एक गोष्ट टाळता कामा नये. कथेतला राजा स्वतः प्रेत वाहतो. समाजात मात्र वर एकाला मिळतो आणि भार दुसऱ्यावर पडतो. मरीआईला नवस बोलणारे आईबाप असतात. केस वाढवून, कमरेला खणा-चिंध्यांचे वस्त्र गुंडाळून, स्वतःच्या अंगावर आसूड ओढत गावोगाव फिरणारा पोतराज हा त्यांचा मुलगा असतो. गावाला मिळणारा दिलासा आणि त्याच्या पाठीवर उठणारे वळ एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत. हा भार कोणत्या जातींच्या आणि किती स्त्रियांच्या वाट्याला आला, हे मराठवाड्यातील अभ्यासकांना नव्याने सांगावयास नको. या विद्यापीठात लोकसाहित्याच्या अभ्यासाची पायाभरणी करणाऱ्या डॉ. प्रभाकर मांडे यांनी ‘मांग आणि त्यांचे मागते’ सारख्या ग्रंथातून, आणि दलित आत्मकथनांनी अधिक दाहकपणे, दैवत आणि त्याचे वाहक यांतील सामाजिक अंतर दाखवून दिले आहे. म्हणून लोकदैवताची शक्ती खेळात घ्यावयाची आणि तिचा भार वाहणारा माणूस वगळावयाचा, ही केवळ अपुरी रचना नव्हे. ती जुन्याच अन्यायाची पुनरावृत्ती ठरते.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. श्रद्धावंत म्हणतील, हा दैवतांचा खेळखंडोबा आहे. त्यांना पैठणच्याच एकनाथांची भारुडे दाखवता येतील. भूत, जोगवा यांसारखी रूपके घेऊन आणि भुत्याचे, वाघ्याचे सोंग उभे करून नाथांनी सोळाव्या शतकात परमार्थ सांगितला. सोंग घेणे हा या भूमीत अनादर मानला गेलेला नाही. तरीही जिच्या भक्तांचा समुदाय आज हयात आहे, ती देवता नावासकट उचलण्यापेक्षा तिच्या व्याकरणावरून नवे भूत रचणे अधिक उचित आणि अधिक सर्जनशील होय.

विवेकवाद्यांचा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या राज्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तेथे शक्ती देणाऱ्या भुतांचा खेळ मांडणे कितपत योग्य? उत्तर रचनेतच आहे. बुवाची अट झाकलेली असते. तिची पूर्ण किंमत भक्ताला उशिरा कळते. खेळाची अट आरंभीच टेबलावर मांडलेली असते, आणि ती माणसाने लिहिली आहे हे प्रत्येक खेळणाऱ्याला ठाऊक असते. ज्याने एकदा स्वतः भूत रचले, त्याला दुसऱ्याने रचलेले भूत ओळखणे सोपे जाते. या कथा जेथे सांगितल्या जातील तेथे यक्ष-वेताळांचे सामर्थ्य चालणार नाही, असे वरदान कथासरित्सागरातील वेताळ स्वतःच देतो. त्याचा हाही एक अर्थ लावता येईल.

५

या विवेचनातून चार प्रश्न हाती लागतात. भूत कोठले आहे? त्याला कशाची ओढ आहे? त्याची अट कोणती? आणि तिचा भार कोण वाहतो? पदव्युत्तर वर्गातील एखाद्या स्वाध्यायात हे प्रश्न सहज वापरता येतील.

उदाहरणादाखल एक कल्पित रचना घेता येईल. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकी शहरासाठी, म्हणजे आजच्या याच शहरासाठी, भुयारी नहर बांधली. त्या नहरीत एक राखणदारीण राहते असे मानू. नहर जेथून जाते तेथील कोणतेही बोलणे ती आपल्या माणसाला ऐकवते, ही तिची शक्ती. तहानलेला समोर असताना त्या माणसाने आधी पाणी प्यायचे नाही, ही तिची अट. आणि दर वेळी शक्ती वापरली, की शहरातील एका मोहल्ल्याचे पाणी दिवसभर आटते. कोणत्या मोहल्ल्याचे, हे खेळणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगावयाचे. फाशाचा आडोसा त्याला मिळत नाही. पाण्याच्या पाळ्यांवर दिवस मोजणाऱ्या मराठवाड्यात हे नाव उच्चारताना खेळणारा क्षणभर तरी थांबेल. तो थांबला, तर रचना साधली.

अद्भुत म्हणजे वास्तवापासून पळ, हा समज मराठी समीक्षेने दीर्घकाळ बाळगला. वेताळाला खांद्यावर घेतलेला प्रतिष्ठानचा राजा कोठेही पळत नाही; तो ओझ्यासह चालत असतो. नव्या खेळांसाठी भुते रचणाऱ्यांनी शक्तींच्या याद्या करण्याआधी ते ओझे कोणाच्या खांद्यावर आहे, हे लिहून ठेवावे. मराठी विभागांनीही त्यांचे लेखन वाङ्मयीन कृती म्हणून तपासावे.