एका तारेवरची भाऊबंदकी

जाड दगडी भिंतींपुढे वायफाय हात टेकतं, म्हणून विजेच्या तारेतूनच इंटरनेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर लोक हौसेने आणतात आणि मग मला फोन करतात. या आठवड्यात आमच्या दाजींची पाळी: जुनी जोडी ठणठणीत, नवा तिसरा मात्र दिवा लावून गप्प. गप्पच बसणार! जुने होमप्लग एव्ही, नवा जी.एचएन, तार सामाईक असली तरी या दोन घराण्यांत बोलणं नाही. (एव्ही आणि त्याचा धाकटा एव्ही२ यांचं मात्र जमतं, वेग थोरल्याचाच.) ‘कुठलाही चालतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नये, खोक्यावरचं मानक वाचावं, शेजारचा १२०० एमबीपीएसचा आकडा वाचूच नये, हाती त्यातला तुकडाच लागतो. शिवाय अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच हवा. दाजींनी तो सर्ज प्रोटेक्टरवाल्या एक्स्टेन्शन बोर्डात, मोबाइल चार्जरला खेटून खोचला होता. तिथे अर्धा सिग्नल गाळला जातो, उरलेल्यात चार्जर खरखर मिसळतो. घरात थ्री-फेज असेल तर दोन्ही टोकं एकाच फेजवर आहेत का, हेही वायरमनकडून बघून घ्यावं. “त्यापेक्षा भिंतीला भोक पाडून केबल ओढली तर?” दाजींनी विचारलं. ओढाच, दाजी! फक्त ताईंना आधी सांगा, रंग दिवाळीतच दिलाय.