चाळीस भोकांचा हब

आजोबांच्या रॅले सायकलचं मागचं चाक परवा उघडलं. चिंधीने गंज पुसला तसा हबच्या कवचावर स्टर्मी-आर्चर, ए डब्ल्यू आणि ५८ हा आकडा दिसला. नॉटिंगहॅमला १९५८ साली घडलेला तीन गिअरचा हब! आतले दात शाबूत. रिमचा मात्र पार पापड. अडचण इथेच आहे. जुन्या इंग्रजी सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० आरे, तर आजच्या ॲल्युमिनियमच्या रिमला बहुधा ३६ नाहीतर ३२ भोकं. ‘हबच बदला’, असं जो तो सांगतो. मला ते मुळीच पटत नाही. ४० भोकांची रिम शोधायला चार दुकानं पालथी घालावी लागली तरी चालेल, पण हा हब भंगारात जाऊ नये. मागचं दातेरी चक्र तर किती सहज बदललं! तीन खाचांचं, सर्कलिपने अडकणारं. शिमानोच्या आजच्या गिअर-हबचं चक्र तिथे चपखल बसतं. १८ दातांऐवजी २२ घातले, साखळीच्या दोन कड्या वाढवल्या, आता चढ हलका होईल. मग कवचावरच्या इवल्या टोपीतून पातळ तेल सोडलं (ग्रीस कोंबू नका), आणि तिसऱ्या गिअरमध्ये ती जुनी टिकटिक पुन्हा ऐकू आली.