मोठ्या वृक्षाची छाया

गेल्या महिन्यांत आमच्या सक्करदऱ्याच्या घरीं एकाच आठवड्यांत नेमणुकीचीं दोन पत्रें आलीं. दोन्हीं आमच्या धाकट्या बंधूंच्या कन्येच्या नांवें. तिनें यंदाच संगणकशास्त्राची पदवी घेतली आहे. एक पत्र लक्षावधि माणसें पदरीं बाळगणाऱ्या कंपनीचें, काम पुण्यास. दुसरें येथल्याच तीस माणसांच्या कंपनीचें. वेतन जवळजवळ सारखें. रात्रीं जेवणें आटोपल्यावर घरांत सभा भरली. बंधूंनीं मोठ्या नांवाचा पक्ष घेतला, भावजयीनें मुलगी घरीं राहण्याचा. कन्या मात्र आम्हांस म्हणाली, "काका, तुम्ही दोन्ही बाजू मांडा, निर्णय मी करीन."

प्रथम पूर्वपक्ष. मोठ्या वृक्षाचा आश्रय करावा, असें आपलीं सुभाषितें शिकवितात, व तें खोटें नाहीं. नवख्या मुलांस शिकवून तयार करण्याचा खर्च मोठी कंपनीच सोसूं शकते. इन्फोसिसनें त्यासाठीं म्हैसूर येथें विद्यापीठासारखा परिसर उभारला आहे. वेतन ठरल्या दिवशीं येतें, आजारपणास विमा असतो, भविष्यनिर्वाह निधि बिनचूक भरला जातो. नागपुरास ही सोय नवी नाहीं. जमशेटजी टाटांनीं 1877 सालीं येथें एम्प्रेस मिल सुरू केली व 1886 मध्यें कामगारांसाठीं निवृत्तिवेतन निधि काढला. शिवाय मोठ्या नांवाचा शिक्का पुढील नोकरीसही उपयोगी पडतो. पूर्वीं त्यासाठीं गांव सोडणें अटळ होतें; आतां टी.सी.एस., एच.सी.एल., इन्फोसिस यांचीं कार्यालयें आपल्या मिहानमध्यें आहेत, तेव्हां बदली मागून परत येण्याची आशा तरी धरतां येते.

आतां उत्तरपक्ष. दाट छायेंत रोप वाढत नाहीं, हें माळ्यास विचारावें. वर्षानुवर्षें एकाच ग्राहकाच्या जुन्या आज्ञावलीची डागडुजी करणाऱ्यास उरलेलें यंत्र कसें चालतें तें कळतच नाहीं. हातीं प्रकल्प नसला कीं त्यास 'बेंचवर' असणें म्हणतात. आमच्या शाळेंत बाकावर उभें राहण्याची शिक्षा तासाभराची असे; हें बाक नोकरीच घेऊन जाऊं शकतें. स्वतः सोडावयाचें म्हटलें, तर अनेक ठिकाणीं तीन महिने आधीं सूचना द्यावी लागते. आणि छायाही शाश्वत नव्हे. सहा लाखांहून अधिक माणसें पदरीं असलेल्या टी.सी.एस.नें 2025 च्या जुलैंत सुमारें बारा हजार जागा कमी करण्याचें जाहीर केलें. झळ मुख्यतः मधल्या व वरच्या श्रेणींस, म्हणजे ज्यांच्या डोक्यावर घराचें कर्ज व मुलांच्या शाळा असतात त्यांस. ती एम्प्रेस मिलही 2002 सालीं बंद पडली.

लहान कंपनींत सर्व प्रकारचीं कामें अंगावर पडतात व माणूस लवकर तयार होतो. परंतु एक मोठा ग्राहक गेला कीं पगार लांबतो. 1990 सालीं पुण्यास लहान प्रमाणावर निघालेली पर्सिस्टंट आज मोठी होऊन नागपुरांतही आहे खरी. पण मध्येंच मिटलेल्यांचीं नांवें कोणास आठवतात?

आम्हीं आपलें मत दिलें: मोठ्या कंपनींत गुरुकुल समजून तीन वर्षें काढावीं, दरवर्षीं नवें काम मागून घ्यावें, सहा महिन्यांचा खर्च गांठीस बांधल्यावांचून कर्जाची सही करूं नये.

चार दिवसांनीं कन्येनें लहान कंपनीस होकार कळविला. बंधु दोन दिवस तिच्याशीं बोलले नाहींत. आम्हीं कारण विचारलें. ती म्हणाली, "काका, तुमच्या दोन्ही पक्षांत एक गोष्ट राहून गेली. मी तेथें जाऊन तासभर बसलें. एका नवीन मुलाची चूक झाली होती. तेथल्या प्रमुख बाई त्याच्या शेजारीं बसून ती त्याच्याकडूनच दुरुस्त करून घेत होत्या. मोठ्या कंपनींत मला कोण शिकवील, तें पत्रांत लिहिलेलें नव्हतें."

शाळेची इमारत पाहूं नका, शिक्षक पाहा, असें आम्ही जन्मभर पालकांस सांगत आलों. आणि घरच्या मुलीस सल्ला देतांना मात्र इमारतींची उंची मोजीत बसलों! तिचा निर्णय बरोबर ठरेल कीं नाहीं तें काळ सांगेल. प्रश्न मात्र तिनें योग्य विचारला. ज्या घरांत अशीं पत्रें येतील, तेथें तो आधीं विचारला जावा, एवढ्यासाठींच हें लिहिलें.