मनीची केस

आमच्या घरात मांजर आहे हे पाहुण्यांना सांगावे लागत नाही. ते खुर्चीवरून उठले की त्यांच्या पाठीवर ते लिहिलेलेच असते. मनी पांढरी आहे, त्यामुळे काळ्या विजारीवर मजकूर ठळक उमटतो. आणि पांढरा लेंगा घालून येणाऱ्यांसाठी तिने शेपटीत काळे केस राखून ठेवले आहेत.

मांजराचे केस झडतात ते दिवसाच्या उजेडाच्या मानाने. वसंतात आणि शरदात अधिक. दिवाळी नेमकी शरदातच येत असल्यामुळे सोऱ्या, ताटे, परातीवरचे फडके या सर्वांवर मनीचा आशीर्वाद असतोच. करंजीत केस निघाला की सौ. म्हणे, "तुमचाच असेल," आणि माझ्या डोक्याकडे पाहून स्वतःच गप्प होई.

गेल्या वर्षी मात्र दिवाळीच्या तोंडावर सुरतेहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, भाऊबीजेला घरी नाही रे येता यायचं. बाळ्याला डॉक्टरांनी मांजर वर्ज्य सांगितलंय." बाळ्याला दमा आहे. गणपतीत आमच्याकडे तो रात्रभर उशांना टेकून बसला होता, आणि आम्ही शहाण्यांनी त्याचे खापर पावसाळी हवेवर फोडले होते.

मी कंबर कसली. केरसुणी घेऊन घर झाडून काढले, गाद्या बडवल्या, पडदे झटकले. केस गेले आणि मला शिंकांवर शिंका आल्या. तेव्हा आमच्या डॉक्टरांनी मला बसवून शिकवणी दिली. अपराधी केस नव्हेच! मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या तेलग्रंथींत एक प्रथिन असते, 'फेल डी १' असे त्याचे नाव. मांजर अंग चाटते, लाळ केसांवर वाळते आणि कोंड्यासारखे बारीक कण घरभर होतात. केस बिचारा नुसता हमाल. हे कण इतके हलके की कोरडा झाडू मारला की तासन्‌तास हवेत तरंगतात.

तेव्हापासून आमच्याकडे झाडण्याआधी ओले फडके फिरते. गादीखुर्चीवर रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेने ओढावा, केसांची वळकटी होऊन हातात येते. कपडे धुण्यापूर्वी अंगणात झटकावेत. केस एकदा भिजले की चिकटून बसतात. मनीला रोज अंगणातच विंचरायचे, तेही दमा नसलेल्या माणसाने. आंघोळ घालण्याचा प्रयोग मी केला. आठवड्याच्या आत सारे पूर्ववत होते असे डॉक्टर नंतर म्हणाले. माझ्या हातावरचे ओरखडे त्याहून जास्त दिवस टिकले.

आई म्हणाली, "मनीला आठ दिवस पलीकडे गुजरातेत ठेवू." नवापूरकरांना परराज्य म्हणजे शेजारची आळी! पण त्याचाही उपयोग नव्हता. मांजर घरातून गेले तरी हे कण ओसरायला पाच-सहा महिने लागतात, भिंतींनासुद्धा ते धरून असतात.

मग बहीणच म्हणाली, "स्टेशनवर येते."

आमचे स्टेशन दोन राज्यांत आहे. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत. १ मे १९६० ला राज्ये वेगळी झाली आणि सीमारेषा बरोबर फलाटावरून गेली. मधल्या एका बाकाचा अर्धा भाग इकडे, अर्धा तिकडे. हे कण कपड्यांवरूनही प्रवास करतात, म्हणून मी धुतलेले आणि मनीपासून लपवलेले कपडे घालून गेलो. भाऊबीजेची साडी तर सौ.ने त्या सकाळपर्यंत दुकानातच ठेवली होती. फलाटावर निरांजन कुठे लावणार? बहिणीने सुपारीने ओवाळले; ती गुजरातेत, मी महाराष्ट्रात. बाळ्या लाडू खात खात विचारत होता, "मामा, मनीला का नाही आणलं?" परतीची गाडी आली तेव्हा बहीण काही बोलली नाही. साडीची पिशवी उराशी धरून खिडकीत बसली.

मनीला कायमची देऊन टाकावी असे मी त्या रात्री म्हणालो. आई जेवली नाही. दुपारच्या निजेला मनी गेली अकरा वर्षे तिच्या पायाशी असते. कोणाचे म्हणणे खरे हे मला अजून ठरवता आलेले नाही.

यंदा आखाजीला आमच्या खानदेशात सगळ्या लेकी माहेरी आल्या, आमची आली नाही. त्याच दिवशी माडीवरची खोली रिकामी केली. गादी, पडदे बाहेर काढले, भिंती ओल्या फडक्याने पुसल्या, दाराला कडी घातली. नवी गादी आदल्या दिवशी येईल. बाळ्याच्या डॉक्टरांनी, औषधाचा पंप जवळ ठेवून आणि त्रास होताच परतायचे या अटीवर, एका दिवसाची परवानगी दिली आहे. मनी तेवढा दिवस परराज्यात राहील.

तूर्त ती त्या बंद दारापाशी बसते आणि फटीतून पंजा आत घालते. सौ.ने फटीला ओले फडके लावले आहे. ते रोज बदलते. रोज त्यावर चार पांढरे केस निघतात.