नाकातली नळी आणि चोवीस तास



ॲसिडिटीला आपल्या घरात कुणी आजार मानत नाही. जेवण झालं, छातीत जळजळ सुरू झाली, की डब्यातली गोळी काढायची आणि कामाला लागायचं. आमच्या घाटंजीत अशी कितीतरी घरं आहेत, जिथे मिठाच्या डब्याशेजारी पँटोप्रॅझोलची पट्टी वर्षानुवर्षं ठेवलेली असते. मग एक दिवस गोळीचाही उपयोग होईनासा होतो. दुर्बिणीच्या तपासणीत काही सापडत नाही. डॉक्टर म्हणतात, "मोठ्या दवाखान्यात जाऊन नाकातून नळी घालून तपासणी करून घ्या." तिथेच निम्मी माणसं घाबरून माघारी फिरतात.

ही भीती आम्ही समजू शकतो. नाकातली नळी म्हटलं की डोळ्यांपुढे शेवटच्या आजारातलं माणूस येतं. पण पोटात दूध-पाणी सोडायची नळी वेगळी आणि ही वेगळी. ही साधारण दोन मिलिमीटर जाडीची, म्हणजे बारीक वायरसारखी असते. तिच्यातून पोटात काही सोडत नाहीत. जठरातलं आम्ल अन्ननलिकेत किती वेळा चढतं आणि किती वेळ राहतं, एवढंच ती मोजते. त्याआधी बहुधा मॅनोमेट्री नावाची तपासणी होते. तिच्यात दुसरी नळी घालून पाण्याचे छोटे घोट गिळायला लावतात. अन्ननलिकेच्या तळाची झडप कुठे आहे आणि ती कशी चालते, हे त्यातून कळतं. मग मोजणीचा सेन्सर त्या झडपेच्या पाच सेंटीमीटर वर ठेवतात.

तपासणी करून आलेल्यांचं सांगणं बहुतेक सारखंच असतं. नाकात बधिर करणारं औषध लावतात. नळी घशाशी पोहोचते तेव्हा उमळ येते, डोळ्यांतून पाणी येतं. ती दोन-तीन मिनिटं कठीण जातात. त्या वेळी हनुवटी छातीकडे झुकवून, सांगतील तसे घोट गिळत राहिलं की नळी सरकते. पुढे घसा खवखवतो, नाक वाहतं, गिळताना काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. काढताना मात्र काही क्षणांत निघते. अनेकांना नळीपेक्षा आधीचा आठवडा जड जातो, कारण आम्लाची गोळी बहुधा सात दिवस बंद ठेवावी लागते आणि जळजळ उसळते. कोणती गोळी कधी थांबवायची, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावं. हृदयाची, साखरेची औषधं मनानं बंद करू नयेत.

आता मुद्द्याचं. नळी गालाला चिकटवून, छोटं यंत्र कमरेला लावून घरी पाठवतात. इथे आपली माणसं चुकतात. लाजेनं खोलीत बसून राहतात, भीतीनं जेवत नाहीत. नागपुरात नातेवाइकाकडे उतरलं, तर खालाजान मायेनं मऊ खिचडी शिजवते. मग यंत्राला सापडणार काय? जळजळ करणारा दिवसच आला नाही, तर अहवाल स्वच्छ येतो आणि दुखणं तसंच राहतं. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर त्या दिवशी रोजचंच जेवण घ्यावं. तिखट रस्सा, भाकरी, चहा, जे घरी चालतं तेच. चालावं, कामं करावीत, नेहमीच्या वेळी आडवं व्हावं. जळजळ झाली, जेवायला बसलो, झोपलो, की बटण दाबावं आणि वहीत वेळ लिहावी. चेहऱ्याची लाज वाटत असेल तर पुरुषांनी मास्क लावावा. नकाब वापरणाऱ्या भगिनींची तर ती अडचण आपोआपच सुटते.

यंत्र भिजवायचं नसतं, म्हणून त्या दिवशी आंघोळ नाही. वजू करताना गालावरची पट्टी सुटणार नाही एवढं जपावं. नाकात पाणी घेण्याबद्दल शंका असेल तर जाण्याआधीच आलिमांना विचारून घ्यावं. सजद्यात आंबट पाणी घशाशी येतं, ही तक्रार आम्ही पुष्कळांकडून ऐकतो. अशांनी नमाज नेहमीसारखी पढावी आणि सलाम फेरताच बटण दाबावं. ही नोंद डॉक्टरांच्या फार कामाची असते. रमजानमध्ये मात्र शक्यतो तारीख घेऊ नये, कारण पाण्याचे घोटही घ्यावे लागतात आणि दिवसाचं जेवणही. थांबणं शक्य नसेल, तर आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे (सूरह बकरा, १८५).

चोवीस तासांत ६ टक्क्यांहून जास्त वेळ, म्हणजे सुमारे दीड तास, अन्ननलिकेत आम्ल राहिलं तर आजार पक्का धरतात. ४ टक्क्यांहून कमी असेल तर आम्लाचा दोष नाही. मधल्या आकड्यात इतर तपासण्या पाहून ठरवतात.

एक इशारा. छातीवर दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर ॲसिडिटी म्हणून घरी बसू नका, आधी ईसीजी काढा. घास अडकणं, काळी शौच, विनाकारण वजन घटणं यांतही उशीर नको.

शेवटी घरातल्यांना दोन शब्द. अहवाल नॉर्मल आला म्हणजे सून नाटक करत होती, असं नव्हे. आम्ल कमी असूनही अन्ननलिकेच्या नसा नाजूक झाल्या, तर जळजळ खरीच होते. तिचे उपचारही आहेत, फक्त ते वेगळे. आणि वर्षानुवर्षांची गोळी गरजेची नव्हती, हे कळलं तर तीही डॉक्टरांच्या सल्ल्यानं सुटू शकते. दोन मिनिटांची उमळ आणि एका दिवसाची अडचण सोसून हे कळत असेल, तर त्या दोन दिवसांचं भाडं आणि सोबत घरानं आनंदानं द्यावी. तिला एकटीला एसटीत बसवून देऊ नये.