पार्सल तीस वर्षांनी आलं, आत धूळ निघाली

गच्चीवर उभं राहून अँटेना फिरवायचा आणि खाली ओरडायचं, ‘आलं का? आता?’ आणि खालून उत्तर यायचं, ‘मुंग्याच आहेत!’ हे ज्यांनी केलंय त्यांच्यासाठी एक उशिरा आलेली बातमी. टीव्हीवरच्या त्या मुंग्यांपैकी शंभरातली साधारण एक मुंगी थेट विश्वाच्या बालपणातून आलेली असायची. आपण चित्रहारसाठी तिला हाकलत होतो.

१९६४ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन या दोघांचंही असंच झालं होतं. त्यांचा अँटेना म्हणजे एक अवाढव्य कर्णा. त्यात सतत एक खरखर. कुठेही वळवा, खरखर तेवढीच. कर्ण्यात कबुतरांनी संसार मांडला होता, म्हणून कबुतरं हाकलली, त्यांनी मागे ठेवलेला ‘पांढरा थर’ घासून काढला. खरखर जैसे थे. ती कबुतरांची नव्हतीच. विश्व जेमतेम ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना मोकळा सुटलेला तो प्रकाश होता. १३८० कोटी वर्षं प्रवास करून, ताणला जाऊन, गार होऊन आता मायक्रोवेव्ह झालेला. त्याचं तापमान उणे २७० अंश सेल्सिअस. १९७८ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. कबुतरांना काही नाही.

तर हा आपल्याकडचा विश्वाचा सगळ्यात जुना फोटो. पण त्यात एक भलतीच गोची आहे. फोटो सगळीकडे सारखाच दिसतो. आकाशाच्या या टोकाचं आणि त्या टोकाचं तापमान यांत फरक किती, तर लाखात एक भाग. समजा, नागपूरच्या एका काकू आणि सावंतवाडीच्या दुसऱ्या काकू. आयुष्यात कधी भेटल्या नाहीत, फोन नाही, पत्र नाही. आणि दोघींच्या आमटीत मिठाचा कणही इकडचा तिकडे नाही. तुम्ही काय म्हणाल? ‘ह्या कधीतरी एकाच स्वयंपाकघरात शिकल्या असणार.’

डिसेंबर १९७९ मध्ये अॅलन गूथ नावाचा तिशीतला भौतिकशास्त्रज्ञ नेमकं हेच म्हणाला. पक्की नोकरी नव्हती, एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात तात्पुरत्या पोस्टवर फिरत होता (आपल्यातल्या कॉन्ट्रॅक्टवाल्यांनी कान टवकारावेत). त्याने वहीत दुहेरी चौकट आखून आत ‘नेत्रदीपक साक्षात्कार’ अशा अर्थाचं लिहून ठेवलं. त्याचा साक्षात्कार असा: अगदी सुरुवातीला, सेकंदाच्या कल्पनेपलीकडे लहान अशा अंशात, विश्व अफाट वेगाने फुगलं. जे आज आकाशाच्या दोन टोकांना आहे ते त्याआधी खेटून होतं. एकच स्वयंपाकघर. या फुगण्याला त्याने नाव दिलं ‘इन्फ्लेशन’. अमेरिकेत तेव्हा महागाईचा भडका उडाला होता, पेपरात रोज हाच शब्द. मराठीतही चलनफुगवट्यातला ‘फुगवटा’ इथे फिट्ट बसतो.

आयडिया सॉलिड. पण पुरावा? आयडिया सुंदर असली म्हणजे ती खरी असते असं नाही, हे तर आपल्याला पहिल्या प्रेमापासून ठाऊक आहे.

पुरावा कुठे सापडेल ते गणित सांगतं. एवढं प्रचंड फुगणं झालं असेल तर अवकाशालाच हिसके बसले असणार, म्हणजे गुरुत्वीय लहरी उठल्या असणार. त्या लहरींनी त्या जुन्या प्रकाशावर खूण ठेवली असणार. ही खूण समजायला तुमचा पोलरॉइड गॉगल घ्या. गॉगल लावून मोबाइलच्या स्क्रीनकडे बघा आणि मान तिरकी करा. बऱ्याच स्क्रीन एका कोनात काळ्या पडतात. कारण स्क्रीनमधून येणाऱ्या प्रकाशलहरी एकाच दिशेत डोलत असतात. मराठीत याला ध्रुवण म्हणतात. त्या आदिम प्रकाशातही थोडं ध्रुवण आहे, आणि आकाशभर त्याची नक्षी आहे. बहुतेक नक्षी साध्या वळणाची. पण गुरुत्वीय लहरी भोवऱ्यासारखी, उजवी-डावी पिळलेली नक्षी काढतात. शास्त्रज्ञ तिला ‘बी-मोड’ म्हणतात. पीळ सापडला की फुगवट्याचा पुरावा सापडला, असं गणित. फक्त हा पीळ म्हणजे तापमानात एका अंशाच्या कोटीव्या हिश्श्याच्या आसपासचा फरक.

एवढं बारीक बघायला जगातली सगळ्यात कोरडी हवा लागते, कारण हवेतली वाफ मायक्रोवेव्ह गिळते. म्हणून ही मंडळी थेट दक्षिण ध्रुवावर गेली. समुद्रसपाटीपासून सुमारे २८०० मीटर उंच बर्फाचं पठार, सहा महिने रात्र, हिवाळ्यात विमान नाही. तिथे बायसेप-२ नावाची दुर्बीण बसवली. तिची भिंग फक्त २६ सेंटिमीटरची, आपल्या जेवणाच्या ताटाएवढी! आत ५१२ सेन्सर, निरपेक्ष शून्याच्या वर पाव अंशापर्यंत गार केलेले. २०१० ते २०१२ अशी तीन वर्षं ती आकाशाच्या एकाच तुकड्याकडे टक लावून बसली. तो तुकडा मुद्दाम निवडलेला, कारण तिथे आपल्या आकाशगंगेचा कचरा कमी असावा असा अंदाज होता. हा ‘असावा’ लक्षात ठेवा.

१७ मार्च २०१४. हार्वर्डला पत्रकार परिषद. पीळ सापडला! आणि अपेक्षेपेक्षा जोरात. या पिळाचा जोर मोजणारा एक आकडा आहे, त्याला नुसतं ‘आर’ म्हणतात. तो निघाला ०.२.

त्याच दिवशी स्टॅनफर्ड विद्यापीठाने एक छोटा व्हिडिओ टाकला. मी तो ऑफिसात लंच टाइममध्ये पाहिला होता आणि चक्क डोळे भरून आले होते. टीममधला चाओ-लिन कुओ एका घराची बेल वाजवतो. दारात आंद्रेई लिंडे आणि त्यांची बायको रेनाटा कॅलोश, दोघंही भौतिकशास्त्रज्ञ. लिंडे म्हणजे फुगवट्याच्या सिद्धांताचा दुसरा मोठा शिल्पकार. कुओ दारातच आकडा सांगतो. ती त्याला मिठी मारते, मग शॅम्पेन. लिंडे नंतर हसत सांगतात, बेल वाजल्यावर वाटलं पार्सल आलं असेल, तू काही मागवलं होतंस का? हो, तीस वर्षांपूर्वी मागवलं होतं, आत्ता पोचलं. आणि मग पुढे, शॅम्पेन झाल्यावर, हाच माणूस बोलून जातो की मला नेहमी भीती वाटते, आपण फसलो तर नाही ना, केवळ सुंदर आहे म्हणून तर यावर विश्वास ठेवत नाही ना.

ते वाक्य तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मीही नाही.

आता धुळीकडे येऊ. आपल्या आकाशगंगेत बारीक धूळ भरलेली आहे. तिचे कण लांबट, ते आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्राला धरून रांगेत उभे राहतात आणि स्वतःच मंद मायक्रोवेव्ह फेकतात. ध्रुवण असलेल्या. त्यांच्या नक्षीतही पीळ असतो. म्हणजे विश्वाच्या जन्माची खूण आणि घरातली धूळ दिसायला सेम टू सेम. दोन्ही वेगळं करायचं तर आकाश अनेक ‘रंगांत’, म्हणजे वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीत बघायला लागतं. धूळ वरच्या फ्रीक्वेन्सीला जास्त चमकते. बायसेप-२ बघत होती एकाच रंगात, १५० गिगाहर्ट्झ.

धुळीचा नकाशा होता तो युरोपच्या प्लँक उपग्रहाकडे, आणि त्यांनी तो अजून जाहीर केला नव्हता. मग बायसेपवाल्यांनी काय केलं? प्लँकच्या लोकांनी एका परिषदेत दाखवलेल्या प्रेझेंटेशनमधली एक स्लाइड घेतली आणि चित्रावरून आकडे काढले! आपल्यापैकी प्रत्येकाने दुसऱ्या कंपनीच्या पीपीटीतून ग्राफ उचललाय, त्यामुळे मी दगड मारणार नाही. मे २०१४ मध्ये बाहेरच्या शास्त्रज्ञांनी बोट ठेवलं: त्या चित्रात धुळीशिवायचा, ध्रुवण नसलेला प्रकाशही मिसळलेला आहे, त्यामुळे धुळीचं ध्रुवण आहे त्यापेक्षा कमी दिसतं. जूनमध्ये पेपर रीतसर छापून आला तेव्हा स्लाइडवरचा तो हिशेब त्यातून गेला होता, भाषाही मवाळ झाली होती. सप्टेंबरमध्ये प्लँकने त्या तुकड्यातल्या धुळीचा अंदाज दिला. ती एकटीच सगळा पीळ पुरवू शकेल एवढी होती. मग दोन्ही टीम एकत्र बसल्या, डेटा एकमेकांना दिला, आणि जानेवारी २०१५ च्या अखेरीस निकाल लागला. आर ०.१२ पेक्षा कमी, आणि तो शून्य नाही असं म्हणायला आधार नाही. पार्सल फोडलं, आत मुख्यतः धूळ.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण तेव्हाच्या बातम्यांत ती हरवली. दुर्बीण चुकली नव्हती. पीळ खरा होता. ‘फाइव्ह सिग्मा’ म्हणतात ते, म्हणजे निव्वळ योगायोगाने असं दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक. पण योगायोग नाही एवढंच सिग्मा सांगतो. जे दिसतंय ते कुणाचं आहे, हे तो सांगत नाही. पेन्झियस-विल्सनने आधी कबुतरं हाकलली आणि मग जगाला सांगितलं. इथे जगाला आधी सांगितलं गेलं. घाई का? इतर टीम मागे लागलेल्या होत्या आणि स्टॉकहोमची स्वप्नं पडत होती. त्याच प्रयोगमालिकेच्या सुरुवातीच्या शिल्पकारांपैकी एक, ब्रायन कीटिंग, यांनी २०१८ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं, नावच ‘लूझिंग द नोबेल प्राइझ’.

पण माझ्या मते खरी स्टोरी त्यानंतरची आहे. एवढा फजितवाडा झाल्यावर एखादी कंपनी काय करेल? प्रॉजेक्टचं नाव बदलेल, टीम पांगवेल. ही टीम परत ध्रुवावर गेली. आणखी दुर्बिणी लावल्या, आणखी रंग घेतले, त्यातला एक खास धुळीसाठी. आणि २०२१ मध्ये त्यांनीच छापलं: आर ०.०३६ पेक्षा कमी. म्हणजे ज्या ०.२ वर शॅम्पेन उघडली, त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. गंमत, किंवा शोकांतिका म्हणा, अशी की १९८३ मध्ये लिंडे यांनी मांडलेलं सगळ्यात साधं, सगळ्यात देखणं मॉडेल ०.१३ च्या पुढचा आर मागतं. ते आता बाद आहे. ज्या टीमचा माणूस शॅम्पेन घेऊन आला होता, त्याच टीमने ते बाद केलं.

यावर जयंत नारळीकर काय म्हणाले असते, असं मला राहून राहून वाटतं. २० मे २०२५ ला पुण्यात ते गेले, तेव्हा बहुतेकांनी त्यांच्या विज्ञानकथांची आठवण काढली. पण ते मूळचे बंडखोर. बिग बँगच त्यांना पटत नव्हता, फुगवटा तर दूरच. १९९१ मध्ये त्यांनी थानू पद्मनाभन यांच्याबरोबर खगोलशास्त्रज्ञांसाठी फुगवट्याच्या सिद्धांताची झाडाझडती घेणारा लेख लिहिला. फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी मांडलेल्या पर्यायात तर हा मायक्रोवेव्ह प्रकाश विश्वाच्या जन्माचा नव्हेच. तो जुन्या ताऱ्यांचा प्रकाश, लोखंडाच्या सुईसारख्या कणांच्या धुळीत मुरलेला. हो, पुन्हा धूळच! बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ते स्वीकारलं नाही, आणि पुरावा बघता मलाही बहुसंख्यच बरोबर वाटतात. पण सगळे टाळ्या वाजवत असताना ‘पुरावा दाखवा’ म्हणणारा माणूस खोलीत असावा लागतो.

असे अजून आहेत. पॉल स्टाइनहार्ट, फुगवट्याच्या सुरुवातीच्या शिल्पकारांपैकीच एक, आता त्याचे कडवे टीकाकार. त्यांचं म्हणणं, हा सिद्धांत इतका लवचीक आहे की आर ०.२ निघाला तरी पास, शून्याच्या जवळ निघाला तरी पास. मला हे झोंबतं, कारण मुद्दा बिनतोड आहे. पीळ सापडला तर फुगवट्याची बाजू प्रचंड भक्कम होईल. नाही सापडला, तर फुगवटा झालाच नाही असं कुणी म्हणणार नाही. फक्त एकेक मॉडेल गळत जाईल. १९८० मधलं अलेक्सेई स्टारोबिन्स्की यांचं मॉडेल अजून शिल्लक आहे. त्याला हवा आहे सुमारे ०.००३, म्हणजे आजच्या मर्यादेच्याही दहापट खाली.

त्यासाठी आता चिलीच्या अटाकामा वाळवंटात, ५२०० मीटरवर, सायमन्स ऑब्झर्व्हेटरी उभी आहे. ती आकाश सहा रंगांत बघते. वरचे दोन रंग मुख्यतः धूळ मोजायला. खालचे दोन आकाशगंगेतल्या इलेक्ट्रॉनांची लुडबुड मोजायला. विश्वाच्या जन्मासाठी राहिले मधले दोन.