नवोदितांना मैदान केव्हा मिळणार?

बारवी धरणाच्या परिसरातील आपल्या निवासी शाळेत दरवर्षी जूनमध्ये नवी मुले दाखल होतात. त्यांतील एखादा पहिल्याच सरावात कबड्डीच्या मैदानावर वरच्या वर्गातील मुलांना चकवतो. तरीही ‘अजून लहान आहे’ म्हणून त्याला वर्षभर राखीव बसवले जाते. हा प्रघात आम्हांस मान्य नाही.

पालवणकर बाळू हे पुण्यातील इंग्रजांच्या क्लबमध्ये दरमहा 4 रुपयांवर मैदानाची निगा राखीत. साहेबांना ते तासन्‌तास गोलंदाजी करीत. फलंदाजीची संधी मात्र त्यांना मिळाली नाही. पुढे हिंदू संघाने त्यांना खेळवले, पण चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या भांड्यात दिला. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले, तरी हिंदू संघाचा कर्णधार म्हणून त्यांची निवड कधीच झाली नाही. तो मान 1923 साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाला.

जन्माची उतरंड आणि इयत्तेची उतरंड एक नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु गुण समोर दिसत असता रांग पाहण्याची सवय दोन्हींत सारखीच आहे.

म्हणून क्रीडाशिक्षकांनी नवोदितास पहिल्या स्पर्धेपासून खेळवावे, मात्र तोलून. आरंभी उत्तरार्धातील काही चढाया द्याव्यात, बचावात शेजारी अनुभवी खेळाडू ठेवावा आणि पराभवाचे खापर त्याच्या माथी फुटू देऊ नये. त्याला घडविण्याची जबाबदारी ज्येष्ठ मुलांवर सोपवावी. त्यांचा मान त्याने वाढेलच. बाबासाहेबांची समता व्यासपीठावरून सांगणाऱ्या शाळेने ती मैदानावरही पाळली पाहिजे.